बाळाची प्रवासी बाटली : प्रश्न दूध कोमट ठेवण्याचा नव्हे

तान्ह्या बाळाला घेऊन चार तासांच्या प्रवासाला निघायचे आणि बाळ वरच्या दुधावर असेल, तर थर्मास, भुकटीचा डबा, मापाचा चमचा, उकळून गार केलेले पाणी, दोन-तीन बाटल्या आणि त्या घासण्याचा ब्रश असा एक छोटा संसारच सोबत बांधून न्यावा लागतो. हा संसार एकाच बाटलीत सामावावा आणि तिने हवे तेव्हा, हव्या त्या तापमानाचे दूध हाती द्यावे, ही अपेक्षा स्वाभाविक आहे. अशा बाटल्या आता बाजारात मिळतातही. कुणाच्या बुडाशी बॅटरीवर तापणारी चकती असते, कुणाभोवती रासायनिक उष्णता देणारी पिशवी गुंडाळलेली असते, तर कुणाची भिंत दुहेरी पोलादाची आणि मधली जागा निर्वात असते.

मात्र या बाटल्यांकडून बहुतेक पालकांची जी पहिली मागणी असते, म्हणजे दूध तासन्‌तास कोमट राहावे, ती मागणी तंतोतंत पुरी करणारी बाटली ही सर्वांत धोकादायक बाटली होय. असे का, हे समजून घेतल्याशिवाय या वस्तूची रचना करता येत नाही आणि ती डोळसपणे विकतही घेता येत नाही.

प्रारंभीच एक खुलासा आवश्यक आहे. पहिले सहा महिने केवळ अंगावरचे दूध द्यावे, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे आणि त्या दुधाला बाटलीची, तापकाची वा मोजमापाची गरज नसते. पण काही मातांना औषधोपचारामुळे पाजता येत नाही, काही बाळे दत्तक आलेली असतात, तर नोकरदार माता स्वतःचे दूध काढून पाळणाघरात पाठवतात. प्रस्तुत विवेचन या घरांसाठी आहे. एस.टी. स्थानकांवर उभारलेल्या हिरकणी कक्षांनी अंगावर पाजणाऱ्या मातांची सोय पाहिली, तर बाळाचे गरम दूध आणि गरम पाणी स्थानकावर मिळावे म्हणून रेल्वेने २०१६ मध्ये 'जननी सेवा' सुरू केली. प्रवासातील बाळाचे दूध हा केवळ चैनीच्या उपकरणांचा विषय नाही, हे यावरून दिसते.

कोमटपणा कशासाठी?

अंगावरचे दूध शरीराच्या तापमानाचे, म्हणजे सुमारे ३७ अंश सेल्सिअसचे असते. वरचे दूधही तसेच असावे, हा संकेत त्यातूनच आला. मनगटाच्या आतल्या बाजूवर दुधाचा थेंब टाकून पाहण्याची आजीची पद्धत हे त्या संकेताचे मोजमाप. वैद्यकीयदृष्ट्या मात्र कोमटपणा ही गरज नसून सवय आहे. मुदतीपूर्वी जन्मलेल्या अर्भकांना थंड दूध देऊन पाहणारा एक अभ्यास अमेरिकेत १९६२ मध्येच प्रसिद्ध झाला होता आणि त्यात त्या अर्भकांना अपाय झाल्याचे आढळले नव्हते. तरीही कोमट दुधाची चटक लागलेले मूल गार दूध जिभेने बाहेर ढकलते, हे कोणत्याही आईला सांगावे लागत नाही. तेव्हा पाजतेवेळी दूध कोमट करून देण्यास हरकत नाही. हरकत आहे ती ते आधीपासून कोमट ठेवण्यास.

वरची मर्यादा भाजण्याची. ६० अंशांचे पाणी प्रौढ माणसाची त्वचा सुमारे पाच सेकंदांत गंभीरपणे भाजते. बाळाची त्वचा त्याहून पातळ असते. म्हणून तापकाने दूध ४० अंशांपुढे नेऊच नये, अशी अट रचनेत घालणे इष्ट.

जंतूंचे गणित

दुधाची भुकटी निर्जंतुक असते, असा एक सार्वत्रिक गैरसमज आहे. ती निर्जंतुक नसते. डबाबंद होईपर्यंत तिच्यात अल्प प्रमाणात जिवाणू राहू शकतात आणि त्यांतील सर्वांत धास्तीचा म्हणजे क्रोनोबॅक्टर साकाझाकी. ग्रीक पुराणातील क्रोनस हा देव स्वतःच्या नवजात मुलांना गिळत असे. त्याच्यावरून या जिवाणूला हे नाव मिळाले. त्याचा संसर्ग विरळा असला, तरी दोन महिन्यांपेक्षा लहान आणि विशेषतः अपुऱ्या दिवसांच्या बाळांत तो मेंदूच्या आवरणाचा दाह किंवा रक्तात विषबाधा घडवून प्राणावर बेततो. २०२२ मध्ये अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या स्टर्जिस येथील कारखान्यात हे जिवाणू सापडले, भुकटी बाजारातून परत मागवावी लागली आणि त्या देशात बालदुधाची तीव्र टंचाई निर्माण झाली.

जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांनी २००७ मध्ये काढलेली मार्गदर्शक तत्त्वे या जिवाणूला समोर ठेवूनच लिहिली गेली. भुकटी किमान ७० अंशांच्या पाण्यात कालवावी, दूध त्वरित गार करून पाजावे, दोन तासांत न संपल्यास टाकून द्यावे. साठवायचे असल्यास ५ अंशांच्या आत, तेही २४ तासांपर्यंतच. आणि थंड दूध पुन्हा कोमट करताना ती क्रिया १५ मिनिटांपेक्षा अधिक लांबवू नये. ही शेवटची अट सहसा कुणाच्या लक्षात राहत नाही. बाटलीच्या रचनाकाराने मात्र ती भिंतीवर लिहून ठेवावी अशी आहे.

कारण असे. दहा अंशांना या जिवाणूंची संख्या दुप्पट व्हायला सुमारे पाच तास लागतात. २३ अंशांना तेच काम सुमारे ४० मिनिटांत होते आणि ३७ अंशांच्या आसपास वीस-पंचवीस मिनिटांत. प्रारंभी त्यांना नव्या परिस्थितीत रुळायला थोडा वेळ लागतो, तो सोडून द्या. पण दर वीस मिनिटांना दुप्पट हा हिशेब धरला, तर तीन तासांत एकाचे ५१२ होतात. थंड बाटलीत त्याच तीन तासांत एकाचे दोनही झालेले नसतात. मुंबईहून पुण्याला रस्त्याने जाण्यास साधारण एवढाच वेळ लागतो.

म्हणजेच बाटलीची कामे दोन आहेत आणि ती परस्परविरोधी आहेत. पाजेपर्यंत दूध थंड ठेवायचे आणि पाजतेवेळी ते झटपट कोमट करायचे. मधल्या तापमानात दुधाने जितका कमी वेळ काढावा तितके बरे.

आधी थंडीची बाजू

बहुतेक रचना तापवण्याच्या बाजूने विचार करतात, कारण त्या थंड हवेच्या देशांत आखल्या जातात. आपल्याकडे मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांवर जातो, तेथे बाटली तापवणे हा प्रश्नच नसतो. साधी प्लॅस्टिकची बाटली शीतकपाटातून काढून अशा हवेत ठेवली, तर अर्ध्या तासात तिच्यातील दूध वीस अंशांच्या पुढे जाते.

येथे बर्फ उपयोगी पडतो. १०० ग्रॅम बर्फ वितळताना सुमारे ३३ किलोज्यूल उष्णता शोषतो. बाटलीभोवती फोमचे साधे आवरण असेल, तर उन्हाळ्यात एवढा बर्फ दोन-तीन तासांत संपतो. निर्वात भिंतीची पोलादी बाटली असेल, तर तो त्याच्या अनेकपट टिकू शकतो. पिशवीतून नेलेले थंड दूध दोन तासांत वापरावे, असे वरील मार्गदर्शक तत्त्वांत म्हटले आहे ते याच कारणाने. चांगली प्रवासी बाटली ही अंतर वाढवू शकते, पण आतले तापमान खरोखर ५ अंशांच्या आत आहे हे ती दाखवत असेल तरच. निव्वळ 'बारा तास थंड' असे आवरणावर छापलेले असणे पुरेसे नाही. कोणत्या हवेत, आणि थंड म्हणजे किती अंश, हेही छापलेले हवे.

मातेने काढून ठेवलेल्या दुधाचे नियम काहीसे सैल आहेत. त्यात स्वतःचे जंतुरोधक घटक असतात. २५ अंशांपर्यंतच्या खोलीत ते चार तास आणि शीतकपाटात चार दिवस चालते. पण आपल्या घरांतील खोली वर्षातील कितीतरी महिने २५ अंशांच्या वर असते, याकडे दुर्लक्ष करून हे चार तास जसेच्या तसे उचलले जातात.

उष्णतेचा हिशेब

आता तापवण्याकडे वळू. एक ग्रॅम दूध एका अंशाने तापवण्यास सुमारे ३.९ ज्यूल उष्णता लागते. १५० मिलिलिटर दूध ५ अंशांवरून ३७ अंशांवर आणायचे, तर सुमारे १९ किलोज्यूल. बाटलीची भिंतही तापते म्हणून २२ धरू. विजेच्या भाषेत हे सुमारे ६ वॉट-तास झाले. लॅपटॉपमध्ये किंवा मोठ्या टॉर्चमध्ये असते तशी एक दंडगोल लिथियम-आयन बॅटरी ९ वॉट-तासांच्या आसपास ऊर्जा साठवते. गळती धरता एका बॅटरीत एकदाच दूध तापते. दिवसभरात चार वेळा पाजायचे असेल, तर चार बॅटऱ्या, म्हणजे जवळजवळ २०० ग्रॅम वजन केवळ बॅटरीचे.

ऊर्जेपेक्षा कठीण प्रश्न वेगाचा. मोबाइलच्या साध्या चार्जरइतक्या, म्हणजे दहा वॉटच्या तापकाला हे काम करायला ४० मिनिटांच्या आसपास लागतील. भुकेले मूल तेवढे थांबत नाही, हा झाला व्यवहार. शिवाय १५ मिनिटांची मर्यादा ओलांडली जाते. ३० वॉटचा तापक तेच काम १२ ते १५ मिनिटांत करतो. त्यामुळे तीस वॉटच्या खालचा तापक असलेली बाटली कितीही देखणी असली, तरी थंड दुधासाठी ती कामाची नाही. ती खोलीच्या तापमानाचे दूध कोमट करू शकते, पण खोलीच्या तापमानाला दूध ठेवायचेच नाही, असे आपण आताच ठरवले.

तापक जोरकस केला की दुसरी अडचण उभी राहते. बुडाची चकती फार तापली, तर दूध तळाला लागते. दुधातील मठ्ठ्याची प्रथिने साधारण ६५-७० अंशांपासून उकलू लागतात आणि चिकट थर धरतात. तो थर नीट निघाला नाही, तर पुढच्या वेळचे जंतू तेथेच घर करतात. म्हणून तापणारे पृष्ठ रुंद आणि सौम्य हवे, एका बिंदूवर प्रखर नको. तापमापक कुठे बसवावा, हेही महत्त्वाचे. तो चकतीलगत असेल, तर दूध अजून गारच असताना 'झाले' असे सांगेल. बाटली स्थिर असताना गरम दूध वर चढते आणि वरचा व खालचा थर यांत कित्येक अंशांचा फरक पडतो. मायक्रोवेव्हमध्ये तापवलेल्या दुधात असेच अतिउष्ण पट्टे राहतात. त्यात बाळाचे दूध तापवू नये, असे सांगितले जाते ते त्यामुळेच. तेव्हा बाटली हलकेच हलवून मगच वाचन घ्यावे लागते. रंग बदलणारी पट्टी हा स्वस्त पर्याय आहे, परंतु ती भिंतीचे तापमान सांगते, दुधाचे नव्हे.

काढलेल्या मातृदुग्धाच्या बाबतीत ४० अंशांची मर्यादा आणखी एका कारणाने पाळावी. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ मध्ये आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. दुग्धपेढ्यांत दान आलेले दूध ६२.५ अंशांना ३० मिनिटे ठेवण्याची पद्धत आहे. त्याने जंतू मरतात, पण चरबी पचवण्यास मदत करणारे लायपेज हे विकरही निष्प्रभ होते. अनोळखी मातेच्या दुधासाठी ही किंमत मोजावी लागते. स्वतःच्या बाळासाठी स्वतःचे दूध कोमट करताना ती मोजण्याचे कारण नाही.

बॅटरीशिवायचे उपाय

पाण्याशी संयोग होताच कळीचा चुना तापतो, हे चुन्याची भट्टी पाहिलेल्यांना ठाऊक आहे. पंधरा-वीस ग्रॅम चुन्यात एक बाटली दूध कोमट करण्याइतकी उष्णता असते. स्वतः तापणारे डबे या तत्त्वावर चालतात. परंतु भिंतीला चीर गेली, तर दाहक चुना थेट दुधात. बाळाच्या बाटलीत या रसायनाला जागा असू नये, असेच म्हणावे लागते.

सोडियम ॲसिटेट त्या मानाने निरुपद्रवी. हा व्हिनेगरच्या आम्लाचा क्षार ५८ अंशांना वितळतो आणि शुद्ध असल्यास गार झाल्यावरही द्रवच राहतो. आतील धातूची चकती टिचकी मारून वाकवली की तो क्षणार्धात गोठू लागतो आणि साठवलेली उष्णता बाहेर टाकतो. शंभर ते दीडशे ग्रॅमची पिशवी एका बाटलीला पुरते आणि उकळत्या पाण्यात ठेवली की ती पुन्हा वापरता येते. तिची उष्णता आपोआप ५८ अंशांच्या आत राहते, हा मोठा गुण. दोष एवढाच, की एकदा टिचकी मारली की ती थांबवता येत नाही.

याउलट मेणाचे. ३७ अंशांच्या जवळ वितळणारी मेणे आहेत. आयकोसेन हे त्यांतील एक. ७० अंशांच्या पाण्यात कालवलेले दूध ३७ अंशांवर आणताना सुमारे वीस किलोज्यूल उष्णता काढून घ्यावी लागते. सुमारे ८५ ग्रॅम आयकोसेनचे आवरण ती उष्णता शोषून स्वतः वितळते आणि नळाखाली बाटली धरण्याचे काम वाचते. रचना इतकी सुबक, की कुणालाही मोह पडावा. पण पुढे काय होते ते पाहा. दूध ३७ अंशांखाली घसरू लागले की तेच मेण गोठता गोठता शोषलेली उष्णता दुधाला परत देते. अठ्ठावीस अंशांच्या हवेत, वेगळे आवरण नसतानाही, दूध तीनेक तास ३७ अंशांपाशी धरून ठेवले जाते. वर सांगितलेल्या एकाचे ५१२ होण्यासाठी याहून उत्तम सोय नाही. मेणाचे आवरण वापरायचेच, तर ते दूध निवताच काढून ठेवता येईल असे सुटे हवे.

आणि एक जुना उपाय. कपभर, म्हणजे २०० मिलिलिटर, ७० अंशांच्या पाण्यात थंड दुधाची बाटली उभी केली, तर दोन्हींचे तापमान चाळिशीच्या आसपास येऊन जुळते. चांगल्या थर्मासमध्ये उकळते पाणी कित्येक तास सत्तरच्या वर राहते. हेच पाणी भुकटी ऐनवेळी कालवण्यासही चालते; महाबळेश्वरच्या उंचीवर पाणी सुमारे ९५ अंशांनाच उकळते, तरी अडचण येत नाही. भुकटी मोजून कोरड्या डबीत, पाणी थर्मासमध्ये आणि दूध ऐनवेळी, ही मांडणी कोणत्याही बॅटरीवाल्या बाटलीपेक्षा स्वस्त आहे आणि जंतूंना वेळच देत नाही. प्रवासी बाटलीची स्पर्धा दुसऱ्या बाटलीशी नसून या थर्मासशी आहे.

धुता न येणारी बाटली

एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-फ्रान्समध्ये लांब रबरी नळीच्या बाटल्या लोकप्रिय झाल्या. मूल स्वतःच नळी चोखत पडून राही, आईचे हात मोकळे. नळी आतून धुणे मात्र अशक्य होते. तीत साचलेल्या दुधाने इतकी बालके दगावली, की इंग्रजीत त्यांना 'खुनी बाटल्या' असे नाव पडले आणि फ्रान्सने १९१० मध्ये कायद्याने त्यांवर बंदी घातली. सोयीची वस्तू धुता येत नसेल तर काय होते, याचा हा धडा शंभर वर्षांहून जुना आहे. आपल्याकडचे बोंडले किंवा वाटी-चमचा यांची महती त्यांच्या उघड्या तोंडात आहे. हात आतपर्यंत पोहोचतो.

म्हणून तापक, बॅटरी आणि तापमापक हे सारे एका सुट्या तळात असावे, आणि दुधाचे पात्र निव्वळ पात्र असावे, उकळत्या पाण्यात बुडवता येणारे. लिथियम बॅटरीला ६० अंशांपुढील उष्णता मानवत नाही. ती पात्राशी कायमची जोडली, तर बाटली कधीच उकळता येणार नाही. जोडाच्या खाचा, रबराची कडी, झडपा यांची संख्या जितकी कमी तितकी बरी.

पात्राच्या साहित्याविषयी. पॉलिकार्बोनेट प्लॅस्टिकमधील बिस्फेनॉल-ए या द्रव्यामुळे युरोपीय संघाने २०११ मध्ये तशा बाटल्यांवर बंदी आणली. त्यांची जागा पॉलिप्रॉपिलीनने घेतली. परंतु डब्लिनच्या ट्रिनिटी महाविद्यालयातील संशोधकांनी २०२० मध्ये दाखवून दिले, की या बाटल्यांतून लिटरमागे एक कोटी साठ लाखांपर्यंत सूक्ष्म प्लॅस्टिककण सुटू शकतात आणि पाणी जितके गरम तितके ते अधिक सुटतात. या कणांचा बाळावर नेमका परिणाम काय, हे अद्याप ठरलेले नाही. तरी ज्या बाटलीचे कामच तापणे आणि निवणे हे आहे, तिच्यासाठी बोरोसिलिकेट काच किंवा पोलाद निवडणे शहाणपणाचे. काच फुटते आणि पोलादातून दूध किती उरले ते दिसत नाही, ही त्यांची उणी बाजू.

घड्याळही हवे

अशा बाटल्यांवर तापमान दाखवणारा अंक ठळक असतो. दूध केव्हा कालवले, केव्हा तापवले, हे क्वचितच दिसते. वास्तविक धोका अंश आणि मिनिटे यांच्या गुणाकारात आहे. तापवण्याची कळ दाबल्यापासून मोजणारे एक साधे घड्याळ आणि दोन तासांनंतर लागणारा लाल दिवा यांना बॅटरीतील फार थोडी ऊर्जा पुरते. बाळाने तोंड लावल्यावर लाळेतील जंतू दुधात उतरतात, म्हणून पाजण्यास सुरुवात झाल्यापासून तासाभरात उरलेले दूध टाकावे असा सल्ला दिला जातो. त्यासाठी दुसरी कळ ठेवता येईल. अर्धी बाटली दूध ओतून देणे आपल्या हातांना जड जाते. ते पुन्हा कोमट करून देण्याचा मोह तापक जवळ असल्याने उलट वाढतो. म्हणून एकदा तापवलेले दूध दुसऱ्यांदा तापवण्यास यंत्रानेच नकार द्यावा, अशी योजना करण्यासारखी आहे.

भारतात ही बाटली विकू इच्छिणाऱ्याने १९९२ चा, २००३ मध्ये अधिक कडक केलेला, बालदुग्धपर्याय आणि दूध पाजण्याच्या बाटल्यांविषयीचा केंद्रीय कायदा आधी वाचावा. त्यानुसार दूध पाजण्याच्या बाटल्यांची जाहिरात करण्यास मनाई आहे. मोफत नमुने वाटून वा भेटवस्तूंचे आमिष दाखवून त्यांचा खप वाढवता येत नाही. आणि भारतीय मानक ब्यूरोच्या मानकाचे चिन्ह नसलेली बाटली विकता येत नाही. जाहिरातीची वाट बंद असल्याने ग्राहकाला खरी माहिती मिळण्याची जागा उरते ती वेष्टनाची. त्यावर पाच अंशांचे दीडशे मिलिलिटर दूध ३७ अंशांवर यायला किती मिनिटे लागतात, तापक किती अंशांना आपोआप बंद होतो, चाळीस अंशांच्या हवेत दूध पाच अंशांच्या आत किती वेळ राहते आणि कोणकोणते भाग उकळता येतात, ही चार उत्तरे छापलेली आहेत का, ते दुकानातच पाहून घ्यावे.